नगरनियोजनात यायचंय? अर्थशास्त्राची वही सोबत आणा

निकाल लागले की विचारणा सुरू होते. "मॅडम, इकॉनॉमिक्स केलंय, शहरांवर काम करायची इच्छा आहे, पण प्लॅनिंगला आर्किटेक्टच लागतात ना?" मी अर्थशास्त्रात एमए करून मग प्लॅनिंगला गेले. पुढे विकास आराखड्यांवर खासगी सल्लागारांकडे काम केलं आणि आता नगरपरिषदांसाठी आराखड्यांची आर्थिक बाजू पाहते. या वाटेवर कुठे कुठे अडायला होतं ते मला नेमकं ठाऊक आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवूया. अर्थशास्त्री आणि नगररचनाकार ही दोन वेगळ्या दुनियेतली माणसं आहेत, असं महाराष्ट्रात तरी कधीच नव्हतं. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची आर्थिक पाहणी केली आणि तिचा पहिला खंड १९४५ मध्ये निघाला. मुंबई, पनवेल आणि पुणे परिसराच्या प्रादेशिक नियोजनाची तत्त्वं ठरवायची वेळ आली, तेव्हा मार्च १९६५ मध्ये राज्य सरकारने याच अर्थशास्त्रज्ञाला समितीचं अध्यक्षपद दिलं. त्या समितीच्या शिफारशींनंतर १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आला. आपण ज्याला नुसतं एमआरटीपी म्हणतो, तोच हा. आजही राज्याच्या खात्याचं पूर्ण नाव नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभाग आहे. नकाशा आणि जमिनीची किंमत पहिल्यापासून एकाच छपराखाली आहेत. तुम्ही परके नाही.

## १. अर्ज भरण्याआधी आपल्या गावाचा आराखडा वाचा

बहुतेक जण प्रवेश परीक्षेपासून सुरुवात करतात. मी म्हणेन, त्याआधी तुमच्या नगरपरिषदेचा किंवा महापालिकेचा मंजूर विकास आराखडा, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी हे ठरवणारा दस्तऐवज, मिळवा. बऱ्याच ठिकाणी तो संकेतस्थळावर असतो. नसेल तर नगररचना विभागात जाऊन भाग नकाशाची प्रत मागा. ती ठरावीक शुल्क भरून मिळते. नकाशासोबत अहवालही मागा. नकाशा सगळे पाहतात, अहवाल फार थोडे वाचतात, आणि खरा आराखडा अहवालातच असतो.

वाचताना तीन गोष्टी शोधा. लोकसंख्येचा अंदाज किती आणि तो कशावरून काढला? आरक्षणं, म्हणजे मैदान, रस्ता, शाळा अशा सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागा, किती हेक्टरची आहेत? आणि अंमलबजावणीच्या खर्चाचं प्रकरण किती पानांचं आहे? शंभर-दीडशे पानांच्या अहवालात खर्चाला बहुधा अगदी थोडी पानं असतात. ती पानं वाचताना तुमच्या डोक्यात प्रश्न उभे राहिले, तर हे क्षेत्र तुमचं आहे.

मग नकाशा घेऊन बाहेर पडा. "खेळाचं मैदान" लिहिलेल्या जागी आज काय आहे ते पाहा. डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, जिथे संपतो तिथे उभं राहा. एका रविवारचं काम आहे, पण पुढे मुलाखतीत यावरच बोलता येतं.

## २. कुठल्या दाराने आत यायचं ते ठरवा

बारावीनंतर. बी.प्लॅन ही चार वर्षांची पदवी आहे. बारावीला गणित असणं महत्त्वाचं, शाखा कोणतीही चालते. केंद्रीय संस्थांसाठी जेईई मेनचा पेपर २बी द्यावा लागतो. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये हा अभ्यासक्रम आहे. पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकीच्या संस्थेतही नियोजनाची पदवी आहे. तिथला प्रवेशाचा मार्ग त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

स्थापत्य अभियांत्रिकी किंवा आर्किटेक्चरनंतर. ही सर्वांत मळलेली वाट. गेट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन एम.प्लॅन किंवा तत्सम पदव्युत्तर पदवी घ्यायची. नागपूरचं व्हीएनआयटी, पुण्याचं सीओईपी, आयआयटी खरगपूर, आयआयटी रुरकी, अहमदाबादचं सेप्ट ही यातली माहितीची नावं.

अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र यांतून. ही आपली वाट, आणि सर्वांत मोठा खड्डा इथेच आहे. गेट परीक्षेला कला आणि वाणिज्य शाखेचे पदवीधर बसू शकतात, त्यामुळे बीएची मुलं परीक्षा देतात, गुण मिळवतात आणि प्रवेशाच्या वेळी अडकतात. कारण एम.प्लॅनसाठी बऱ्याच संस्था या विषयांतली पदव्युत्तर पदवी मागतात. नुसत्या बीएवर दार उघडेलच असं नाही. म्हणून तुम्हाला हव्या असलेल्या संस्थेच्या पात्रतेची ओळ आधी वाचा, परीक्षेचं नंतर ठरवा. एमए करायचंच असेल तर पुण्यात गोखले संस्था आहे, मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग आहे. नियोजनाऐवजी शहरांच्या धोरणाकडे आणि कारभाराकडे ओढा असेल, तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतला नागरी धोरणाचा अभ्यासक्रम पाहा. तो एम.प्लॅनला पर्याय नाही, हे लक्षात ठेवा. पुढे सरकारी नोकरीच्या पात्रतेत हा फरक पडतो.

गेटमधला आपला पेपर "आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग". त्यात एक भाग सर्वांना सारखा असतो आणि नंतर आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग यांतला एक भाग निवडता येतो. अर्थशास्त्रवाल्यांनी अर्थातच प्लॅनिंग घ्यावं. सामाईक भागात बांधकाम साहित्य आणि सेवांवरचे प्रश्न येतात. तिथे आपले गुण जातात, पण तेवढी तयारी दोन-तीन महिन्यांत होते. गुणपत्रक तीन वर्षं चालतं, म्हणून एमएच्या शेवटच्या वर्षात परीक्षा देऊन ठेवा.

## ३. प्रवेशाची कागदपत्रं

यादी साधी आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी आणि पदव्युत्तर पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, गेटचं गुणपत्रक, स्थलांतर प्रमाणपत्र, ओळखपत्र, फोटो, आणि लागू असेल तर जातीचं किंवा आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र.

मुलं अडतात ती शेवटच्या ओळीवर. केंद्रीय संस्थांना ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं. आपल्याकडे तहसील कार्यालयातून सहसा राज्याच्या नमुन्यातलं मिळतं, त्यामुळे अर्ज करतानाच "सेंट्रलचं" असं स्पष्ट सांगा. नॉन-क्रीमीलेअर चालू आर्थिक वर्षाचं हवं, गेल्या मार्चमधलं चालत नाही. तुम्ही राज्यात विमुक्त-भटक्या प्रवर्गात असाल तर तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते तपासा, कारण केंद्रात हा वेगळा प्रवर्गच नाही. मराठा समाजाचं राज्यातलं एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू होत नाही. मे-जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात, म्हणून एप्रिलमध्येच अर्ज टाका.

संस्था निवडताना आणखी एक गोष्ट पाहा. अभ्यासक्रमाला इन्स्टिट्यूट ऑफ टाऊन प्लॅनर्स इंडियाची मान्यता आहे का? १९५१ मध्ये स्थापन झालेली ही या व्यवसायाची संस्था. मान्यता नसलेल्या ठिकाणी दोन वर्षं घालवली तर पुढे सदस्यत्वाला स्वतंत्र परीक्षांची वाट धरावी लागते आणि काही जाहिरातींत अर्जच बाद होतो.

## ४. वर्गात कमी शिकवतात ते स्वतः शिका: जमिनीचा हिशेब

इथे मी जरा थांबणार आहे, कारण अर्थशास्त्रातून आलेल्या माणसाचं खरं मोल इथेच आहे.

एक सोपं गणित मांडूया. एका मध्यम शहराच्या प्रारूप (मसुदा) आराखड्यात एक हेक्टरचं मैदान आरक्षित आहे. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर चौरस मीटरला १५,००० रुपये धरा. जमिनीची किंमत झाली १५ कोटी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे ३० कोटी. कायद्यातली १२ टक्क्यांची वार्षिक वाढ अजून धरलेलीच नाही. आता त्या आराखड्यात अशी एकूण ५० हेक्टर आरक्षणं असली तर खर्च १,५०० कोटी. नगरपरिषदेच्या हाताशी भूसंपादनासाठी वर्षाला २० कोटी निघत असतील, तर सगळी आरक्षणं ताब्यात यायला ७५ वर्षं लागतील. आराखडा आहे २० वर्षांचा.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण कोणत्याही गावाचे खरे आकडे घालून पाहा. आराखडा आणि तिजोरी यांतलं अंतर तुम्हाला स्वतःच्या हाताने मोजता येईल. आणि मग एमआरटीपीचं कलम १२७ वाचा. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. मैदान गेलं. ज्या पोरांसाठी ते दाखवलं होतं, ती तोवर मोठी होऊन कामाला लागलेली असतात. मला या कामातलं सर्वांत जास्त बोचतं ते हेच.

म्हणून आरक्षण सुचवताना "हे मिळणार कसं?" हा प्रश्न त्याच दिवशी विचारायला शिका. रोख पैशाखेरीज तीन मार्ग प्रामुख्याने आहेत.

पहिला टीडीआर. मालकाला पैशाऐवजी दुसरीकडे बांधकामाचा हक्क द्यायचा. मुंबईत १९९१ च्या नियमावलीपासून हा चालतो. पण तो चालतो तिथेच, जिथे मूळ एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं तो आकडा) पुरत नाही आणि बिल्डर जास्तीचा हक्क विकत घ्यायला तयार असतो. लहान गावात मूळ एफएसआयच वापरला जात नाही, तिथे टीडीआर कोण घेणार? मालकाच्या हाती प्रमाणपत्र राहतं आणि बाजारात गिऱ्हाईक नसतं. मागणी-पुरवठ्याचा हा पहिल्या वर्षाचा धडा, पण आराखड्यांत तो नेहमी विसरला जातो.

दुसरा समावेशक आरक्षणाचा. मालकाने ठरलेला भाग बांधून पालिकेला द्यायचा आणि उरलेला स्वतः विकसित करायचा. भाजी मंडई किंवा वाहनतळासाठी हा बरा चालतो, मैदानासाठी फारसा नाही.

तिसरा नगररचना योजनेचा, म्हणजे टीपी स्कीमचा. सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा काढून घ्यायच्या, आणि प्रत्येकाला नीट आकाराचा थोडा लहान अंतिम भूखंड परत द्यायचा. किंमत वाढते म्हणून मालकही राजी होतात आणि वाढीचा काही हिस्सा पालिकेला मिळतो. मुंबई प्रांतात १९१५ च्या कायद्याने हे सुरू झालं. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इथले आखीव रस्ते त्या योजनांतून आले, आणि तिथल्या पत्त्यांत "टीपीएस" अजून दिसतं. मधल्या काळात गुजरातने ही पद्धत चालू ठेवली, आपण जवळजवळ सोडून दिली. आता पुणे महानगर क्षेत्रात आणि नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाच्या नैना भागात (नवी मुंबई विमानतळाभोवतालचं क्षेत्र) ती परत आली आहे. तुम्हाला एका गोष्टीत पारंगत व्हायचं असेल तर टीपी स्कीमचा ताळेबंद मांडायला शिका. मूळ भूखंडाची किंमत, अंतिम भूखंडाची किंमत, वाढ, अंशदान (त्या वाढीतून मालकाने द्यायचा हिस्सा), कामांचा खर्च. हा तक्ता हाताने नीट मांडणारी माणसं कमी आहेत.

नवी मुंबईचाही अभ्यास करा. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे शहर वसवायची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली. त्या कल्पनेचा कणा आर्थिक होता. जमीन आधी सार्वजनिक ताब्यात घ्यायची, पायाभूत सोयी करायच्या, आणि विकसित भूखंडांच्या विक्रीतून त्या सोयींचा पैसा उभा करायचा. तिथल्या ९५ गावांतल्या शेतकऱ्यांना काय मिळालं आणि त्यासाठी त्यांना किती झगडावं लागलं, तेही त्याच अभ्यासात यायला हवं. १९८४ च्या जासई आंदोलनात माणसं गेली आणि नंतर साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. हे बाजूला ठेवून कुणी तुम्हाला नवी मुंबईचं मॉडेल शिकवत असेल तर ते अर्धंच आहे.

## ५. पालिकेचं अंदाजपत्रक वाचायला शिका

फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक पालिका अंदाजपत्रक मांडते. जमा-खर्चाचा एकूण आकडा पाहून थांबू नका. मालमत्ता कराची मागणी किती आणि वसुली किती, आस्थापना खर्चाचं (पगार वगैरेंचं) प्रमाण शासनाच्या ३५ टक्क्यांच्या दंडकाशी कसं जुळतं, जीएसटीच्या भरपाईवर किती भिस्त आहे, आणि मुख्य म्हणजे दायित्व किती, हे पाहा. दायित्व म्हणजे आधीच मंजूर झालेल्या कामांची द्यायची बाकी. नवीन कामांना खरोखर किती पैसा उरतो ते तिथे कळतं. ठेकेदारांना ते पाठ असतं. नियोजनवाल्यांनाही असायला हवं.

मागच्या तीन वर्षांचं अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी लिहा. पाण्याच्या योजनेसाठी पुणे महापालिकेने २०१७ मध्ये २०० कोटींचे कर्जरोखे काढले. असं करायला कोणत्या पालिकेची ऐपत आहे आणि कोणत्या नाही, हे या तक्त्यातून कळायला लागतं.

## ६. साधनं

- क्यूजीआयएस. संगणकावर नकाशे करायचं साधन. फुकट आहे, पुरेसं आहे. प्रवेशाआधीच शिका.
- ऑटोकॅड. वाचण्यापुरतं यायला हवं. आर्किटेक्ट मित्रांशी स्पर्धा करू नका.
- एक्सेल. हेच तुमचं मुख्य हत्यार.
- महाभूलेख आणि महाभूनकाशा. सातबारा, फेरफार, मिळकत पत्रिका, गट नकाशा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, लोक बोलतात गुंठ्यात. एक आर १०० चौरस मीटर, एक गुंठा साधारण १०१. हा बारीक फरक मोठ्या क्षेत्रावर वाद लावतो.
- एमआरटीपी अधिनियम आणि २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. मुंबईसाठी नियमावली वेगळी आहे. अद्ययावत प्रत वापरा. जुन्या पीडीएफ मित्रांमध्ये वर्षानुवर्षं फिरत असतात आणि त्यातल्या मुदती बदललेल्या असतात.
- जनगणना. शेवटचे प्रसिद्ध आकडे २०११ चे आहेत. त्यावरून आजची लोकसंख्या नुसती रेघ ओढून काढू नका. घरगुती वीजजोडण्या, मालमत्ता कराच्या नोंदी आणि शाळांची पटसंख्या यांच्याशी ताडून पाहा.

आणि मराठी. अधिसूचना, हरकती, फेरफार, सभेचे ठराव सगळं मराठीत असतं. परराज्यात शिकून आलेली हुशार मुलं इथे तलाठ्याच्या एका नोंदीवर अडतात. हे तुमचं भांडवल आहे.

## ७. पहिली नोकरी: विद्यमान जमीन वापराचं सर्वेक्षण

खासगी सल्लागारांकडे किंवा खात्याच्या विकास योजना विशेष घटकाशी जोडलेल्या कामावर पहिल्यांदा हेच हातात येतं. नकाशाचा तुकडा किंवा टॅब घेऊन गल्लोगल्ली फिरायचं आणि प्रत्येक मिळकतीचा वापर नोंदवायचा. निवासी पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा, सार्वजनिक लाल, मोकळी जागा हिरवी. काम कंटाळवाणं वाटतं आणि पुष्कळ जण ते उरकून टाकतात. उरकू नका. पुढचा सगळा आराखडा या रंगांवर उभा असतो.

इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरातली गल्ली डोळ्यांसमोर आणा. बाहेरून घरच दिसतं. दारात तुळस, वर दोरीवर कपडे. आत पाऊल टाकलं की खालच्या खोलीत चार माग धडधडत असतात, बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. भिंतीशी सुताची बीमं टेकवलेली, पोटमाळ्यावर अंथरुणं. घरातली बाई कांड्या भरते आहे आणि शेजारी पोरगं अभ्यास करतंय. आता रंग कोणता? पिवळा लावलात तर शहराचा उद्योगच नकाशावरून नाहीसा होतो. उद्या कुणीतरी म्हणेल, इथे उद्योग नाही, मग मोठ्या विजेची आणि मालाच्या ट्रकची सोय कशाला? जांभळा लावलात तर निवासी भागातला उद्योग हलवा अशी सूचना येते आणि ते घर रोजगार गमावतं. इथे मिश्र वापर लिहायचा, मागांची संख्या शेऱ्यात टाकायची, आणि विजेचा मीटर कोणत्या दराचा आहे ते विचारायचं. यंत्रमागाचा वीजदर वेगळा असतो, त्यामुळे बिल खोटं बोलत नाही. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाने त्या शेऱ्यांच्या रकान्यातून शहरातल्या कामाचा नकाशा उभा करायचा असतो. शहरात माणसं राहायला येतात ती कामासाठी. घरापासून तासाभरात किती कामं गाठता येतात, हा आकडा मला कोणत्याही उद्यानाच्या मानकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो आपल्या आराखड्यांत कुठेही लिहिलेला नसतो.

सर्वेक्षणातला सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. लोक चहा पाजतात आणि विचारतात, "साहेब, रस्ता कुठून जाणार आहे?" काहीही सांगायचं नाही. अंदाजसुद्धा नाही. प्रारूप प्रसिद्ध होईपर्यंत तुमच्या तोंडून निघालेला एक शब्द जमिनीच्या व्यवहारात वापरला जातो. "आम्ही फक्त आज काय आहे ते लिहितो," एवढंच उत्तर. नकाशाचा फोटो व्हॉट्सअॅपवर कुणालाही टाकायचा नाही, अगदी घरच्यांनाही नाही.

## ८. सुनावणीला बसा

एमआरटीपीच्या कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती आणि सूचनांसाठी मुदत मिळते. मग नियोजन समिती सुनावणी घेते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ अशी ती असते. नवख्याला तिथे कागद सांभाळायचं काम मिळतं. ते आनंदाने घ्या.

लोक प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, जुना मोजणी नकाशा आणि खरेदीखत घेऊन येतात. प्रत्येकाला काही मिनिटं मिळतात. कुणाच्या सहा गुंठ्यांपैकी चार गुंठे रस्त्यात गेलेले असतात आणि मुलीच्या लग्नासाठी तेवढीच जमीन असते. अशा वेळी तुमचा तक्ता तयार हवा. हरकत क्रमांक, गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, बाधित क्षेत्र, उरणारं क्षेत्र, आणि शेवटचा रकाना "उरलेल्या जागेवर बांधकाम होऊ शकतं का?" हा शेवटचा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतो. तो तुम्ही घाला. सामासिक अंतरं, म्हणजे इमारतीभोवती मोकळी ठेवायची जागा, सोडून उरलेल्या दोन गुंठ्यांत घर बसत नसेल, तर त्या माणसाची चार नव्हे, सहाही गुंठे जमीन गेली आहे. समितीसमोर हे आकड्यात आलं की निर्णय बदलतात.

मैदान सुटावं म्हणून हरकती पुष्कळ येतात, मैदान राहावं म्हणून फारशा येत नाहीत. ज्यांना ते लागणार आहे ती मुलं सुनावणीला येत नाहीत. टिप्पणी लिहिताना त्यांची बाजू कागदावर आणणं हे तुमचं काम आहे.

काळाचीही कल्पना असू द्या. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ साठीचा आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. निम्मा काळ आधीच सरला होता. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याचं पहिलं प्रारूप २०१५ मध्ये लोकांच्या रोषानंतर मागे घ्यावं लागलं आणि सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. या कामात धीर लागतो.

## ९. सरकारी वाट आणि तिच्यातली अट

नगररचनाकार आणि सहायक नगररचनाकार ही पदं महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. रचना सहायकांची भरती खात्याकडून होते. इथे अर्थशास्त्रवाल्यांनी जाहिरातीतली शैक्षणिक पात्रता अक्षर न अक्षर वाचावी. स्थापत्य, आर्किटेक्चर किंवा नियोजन यांतली पदवी किंवा पदविका मागितलेली असते आणि अर्थशास्त्राची मूळ पदवी असलेल्यांचा एम.प्लॅन प्रत्येक पदाला पुरेल असं नाही. क्लासवाल्यांना विचारून फी भरू नका, मागच्या दोन-तीन जाहिराती काढून स्वतः ताडून बघा.

पात्रतेत बसत नसाल तर वाट संपत नाही. एमएमआरडीए आणि पीएमआरडीए ही मुंबई आणि पुण्याची महानगर विकास प्राधिकरणं, तसंच सिडको यांच्याकडे कंत्राटी तज्ज्ञांच्या जागा निघतात. महापालिकांच्या प्रकल्प कक्षांना वित्तीय विश्लेषक लागतात. मुंबईतली १९२६ ची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आणि पुण्याची यशदा ही राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था इथे प्रशिक्षण आणि संशोधनाचं काम असतं. कामाची कमतरता नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी सुमारे ६५ टक्के ठिकाणी आराखडाच नाही असं नोंदवलं आहे, आणि राज्यांच्या नगररचना खात्यांत १२,००० हून अधिक नियोजकांची गरज असताना मंजूर पदं ४,००० च्याही आत आहेत.

## १०. मुलाखतीला काय न्यायचं

रंगीत पोर्टफोलिओत आर्किटेक्टशी बरोबरी होणार नाही आणि करायचीही नाही. तीन गोष्टी न्या. स्वतःच्या गावाच्या अंदाजपत्रकाचा तीन वर्षांचा तक्ता. एका आरक्षणाचा संपूर्ण हिशेब: सातबारा, रेडीरेकनरचा दर, संपादनाची किंमत, पर्यायी मार्ग आणि आजचा फोटो. आणि क्यूजीआयएसमध्ये केलेला एक नकाशा, एकच, पण ज्यातली प्रत्येक रेघ तुम्हाला समजावून सांगता येईल.

सोबत भाग नकाशाची ती घडी घातलेली प्रतही ठेवा. मुलाखत घेणाऱ्याने कधी जागेवरच एखादा गट क्रमांक विचारला, तर उत्तर नकाशावर बोट ठेवून देता येतं.